हॅवलॉकला स्कुबा शिकायला जाताना: सहल परतीच्या विमानापासून उलटी मांडा

नमस्कार.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही कोल्हापूरचे, वय एक्केचाळीस. पत्नींना पोहता येत नाही, मुलगा बारा वर्षांचा असून सातवीत आहे. तुम्ही स्वतः गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलात, मात्र लहानपणी तुम्हाला दम्याचा त्रास होता. जाण्यायेण्यासह नऊ दिवसांची रजा मिळेल आणि त्यात अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर जाऊन तिघांनीही स्कुबा डायव्हिंग करावे, अशी तुमची इच्छा आहे. प्रवासी कंपनीने दिलेला आराखडा जोडून तुम्ही विचारले आहे की यातले कोणते हॉटेल घ्यावे, दिवाळीत जावे की नाताळात, आणि खर्च साधारण किती धरावा.

मी गेली अठरा वर्षे स्कुबाचे प्रशिक्षण देतो. वर्ग आणि तलावातले धडे कोल्हापुरात घेतो आणि समुद्रातल्या डाइव्हसाठी विद्यार्थ्यांना कर्नाटकच्या किनाऱ्याजवळच्या नेत्राणी बेटावर किंवा हॅवलॉकला नेतो. म्हणजे मी पुढे जे सांगणार आहे त्यातल्या काही गोष्टींत माझा व्यवसाय गुंतलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्याकडेच या, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण घरच्या गावात तयारी करून जावे, हे मात्र मी आग्रहाने म्हणणार आहे.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी हॉटेलचा प्रश्न सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. आराखडा पाहिल्यावर मला खटकले ते वेगळेच. त्यात पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल, मग हॅवलॉक, आणि हॅवलॉकच्या शेवटच्या दिवशी दोन डाइव्ह ठेवलेल्या आहेत. दुपारी अडीचला तुम्ही पाण्याबाहेर याल, चारची बोट पकडून पोर्ट ब्लेअरला पोहोचाल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या विमानात बसाल. हे अंतर सतरा तासांचे होते. अनेक दिवस, रोज एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, अशी डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस आहे, आणि एकच साधी डाइव्ह केली असेल तरी १२ तास. मी माझ्या विद्यार्थ्यांना सरसकट २४ तास पाळायला लावतो. एक तास कमी पडला म्हणून काय बिघडते, असे वाटू शकेल; पण हा आराखडा करणाऱ्याने हा हिशेब केलेलाच नाही, हे त्यातून दिसते, आणि ते मला अधिक गंभीर वाटते.

यामागचे कारण समजून घेतले की पुढचे सगळे नियोजन आपोआप सुचते. समुद्रात दर दहा मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली आपण सिलिंडरमधली हवा श्वासावाटे घेतो, तेव्हा तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. सावकाश वर आलो की तो श्वासातून हळूहळू निघून जातो. बराचसा लवकर जातो, पण उरलेला निघायला तास लागतात. तो पूर्ण निघण्याआधीच बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर जे होते तेच शरीरात होण्याची शक्यता असते: बुडबुडे. विमानाच्या केबिनमध्ये दाब राखलेला असतो हे खरे, पण तो समुद्रसपाटीइतका नसतो. तो २,४०० मीटर उंचीवरच्या दाबापर्यंत खाली जाऊ शकतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे समुद्रातून निघून दुसऱ्याच दिवशी कळसूबाईच्याही पुष्कळ वर जाऊन बसण्यासारखे हे आहे.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा की सहलीचा आराखडा परतीच्या विमानापासून उलटा मांडत या. विमानाआधीचा पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरसाठी ठेवा. सेल्युलर जेल पाहणे तुमच्या यादीत आहेच, आणि मराठी माणसाने ते घाईत उरकण्याचे ठिकाण नव्हे. सात भुजांपैकी आज उभ्या असलेल्या तीन भुजा, कोठड्या, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, हे शांतपणे पाहायला तो दिवस पुरतो. कंपन्या ते पहिल्या दिवशी ठेवतात, कारण विमान तिथेच उतरते. तुम्ही ते शेवटी ठेवलेत की तोच दिवस शरीराच्या विश्रांतीचाही होतो, आणि एक दिवस वाया गेला असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की तुम्हाला स्कुबाचा अनुभव घ्यायचा आहे की स्कुबा शिकायचे आहे, हे तुमच्या प्रश्नात कुठेच स्पष्ट होत नाही. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अनुभवाच्या डाइव्हमध्ये अर्ध्या-पाऊण तासाची ओळख करून देतात आणि प्रशिक्षक तुम्हाला सोबत धरून पाण्याखाली नेतो. मर्यादा जास्तीत जास्त १२ मीटरची असते आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून कमीच खोल जातात. तिथे तुम्ही पाहुणे असता. ओपन वॉटर कोर्स म्हणजे शिक्षण: आधी पुस्तकी भाग, मग तलावातले किंवा उथळ पाण्यातले धडे, मग समुद्रात किमान चार डाइव्ह. तो पूर्ण केल्यावर जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता येते आणि ते प्रमाणपत्र जगभर चालते.

कोल्हापुरात मला असे पुष्कळजण भेटतात, जे म्हणतात की आम्ही मालवणला स्कुबा केलेला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना जी बुडी देतात ती बहुधा काही मीटर खोलीची आणि थोड्या मिनिटांची असते, आणि सगळे नियंत्रण सोबतच्या माणसाच्या हातात असते. पाण्याखाली श्वास घेता येतो हे कळण्यासाठी ती चांगली आहे. पण आपल्याला हे जमते असा निष्कर्ष तिच्यावरून काढू नका, आणि तिथले पाणी गढूळ होते म्हणून स्कुबात काही नाही, असाही काढू नका. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे रीतसर कोर्सही होतात.

तुमच्या घरातल्या तिघांसाठी उत्तर तीन प्रकारचे आहे, म्हणून प्रत्येकाचे वेगळे सांगतो.

तुमच्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त काळजी मला तुमचीच वाटते. ज्याने पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले, काठावरून मुटके मारले, त्याला पाण्याची भीती नसते आणि हा मोठाच फायदा आहे. वीरधवल खाडे यांच्यासारखा ऑलिम्पिकपर्यंत गेलेला जलतरणपटू ज्या गावाने दिला, तिथे पोहण्याचा अभिमान असणे साहजिकही आहे. पण विहिरीत आपण एक सवय लावून घेतलेली असते, ती म्हणजे दम धरण्याची. तळाची माती कोण आणतो, पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, यावर आमच्या लहानपणी पैजा लागत. स्कुबाचा पहिला नियम याच्या नेमका उलट आहे: सिलिंडरवर असताना श्वास कधीही धरायचा नाही. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर फुप्फुसाला इजा होते, आणि ही इजा जिवावर बेतू शकते. घाबरल्यावर माणूस जुन्या सवयीकडे जातो. विहिरीतला पोहणारा घाबरला की श्वास कोंडून वर धाव घेतो. माझ्या अनुभवात पट्टीच्या पोहणाऱ्यांना ही सवय सोडवायला नवशिक्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून तुम्ही तलावातले धडे घाईने उरकू नयेत.

दम्याचा मुद्दाही याच कारणाने महत्त्वाचा आहे. दम्यात लहान श्वासनलिका आकसतात आणि त्यांच्यामागे हवा अडकून राहू शकते. जमिनीवर त्याने धाप लागते. पाण्यातून वर येताना मात्र तीच अडकलेली हवा प्रसरण पावते. लहानपणचा दमा म्हणजे स्कुबा कायमचा बंद, असे नाही. अनेकांना तपासणीनंतर परवानगी मिळते. परंतु हा निर्णय मी किंवा दुसरा कोणताही प्रशिक्षक घेऊ शकत नाही. तो छातीच्या डॉक्टरांनी फुप्फुसांची क्षमता तपासून घ्यायचा असतो. प्रत्येक जबाबदार केंद्र डाइव्हपूर्वी आरोग्याची प्रश्नावली भरून घेते आणि तिच्यात दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाच्या शस्त्रक्रिया असे प्रश्न असतात. एका जरी महत्त्वाच्या प्रश्नाला होय असे उत्तर असले तरी डॉक्टरांची सही असलेला दाखला लागतो. हा दाखला कोल्हापुरातच, तिकिटे काढण्याआधी घ्या. बेटावर पोहोचल्यावर प्रश्नावली हातात आली आणि दाखला जवळ नसला, तर दोनच वाटा उरतात: एक तर खोटे उत्तर लिहायचे किंवा डाइव्ह सोडून द्यायची. इतका खर्च करून गेलेला माणूस पहिल्या वाटेकडे ओढला जातो, हे मी पाहिलेले आहे, आणि मला त्याची फार भीती वाटते.

तुमच्या पत्नींसाठी माझा सल्ला असा की त्यांनी कोर्सचा आग्रह धरू नये, पण सहल निघण्याआधी तीन महिने पोहायला शिकायला सुरुवात करावी. अनुभवाच्या डाइव्हला पोहता येण्याची अट नसते. कोर्सला मात्र विश्रांती न घेता २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे किंवा जागच्या जागी पाय मारत राहणे आवश्यक असते. वेळेचे बंधन नसते आणि पोहण्याची कोणतीही पद्धत चालते. त्यांना २०० मीटर नाही जमले तरी काही बिघडत नाही, परंतु तोंड पाण्यात घालून शांतपणे तरंगता आले, तर हॅवलॉकच्या त्या अर्ध्या तासात भीतीऐवजी मासे दिसतील. पोहता न येणारी माणसे सूचना अतिशय नीट पाळतात, असाही माझा अनुभव आहे, कारण त्यांना विसरावी लागेल अशी कुठलीच सवय नसते. फक्त त्यांच्यासोबत एकास एक प्रशिक्षक असेल, हे केंद्राकडून लेखी घ्या.

मुलगा बारा वर्षांचा आहे, म्हणजे तो ज्युनियर ओपन वॉटर कोर्स करू शकतो. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना तो करता येतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा असते, तर बारा ते चौदा वर्षांची मुले प्रमाणपत्रधारक प्रौढासोबत १८ मीटरपर्यंत जाऊ शकतात. पण त्याला हे स्वतःला हवे आहे का, हे तुम्ही दोघे समोर नसताना कुणीतरी विचारायला हवे. मी प्रत्येक मुलाला पाच मिनिटे बाजूला घेऊन हे विचारतो, आणि वडिलांच्या हौसेखातर आलेला मुलगा लगेच ओळखू येतो. नको असेल तर त्याला उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावरूनच खालचे पाहणे, करू द्या. त्यातही फार आनंद आहे.

आता कानांविषयी, कारण पहिल्या डाइव्हमध्ये सर्वांत जास्त लोक इथेच अडतात. करूळचा किंवा आंबोलीचा घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. समुद्रात नेमके तेच होते, फक्त फार वेगाने. साधारण सहाशे मीटरचा अख्खा घाट उतरून कानाच्या पडद्यावर जितका दाब वाढतो, तितका समुद्रात पाऊण मीटरच्या आसपास खाली गेल्यावरच वाढलेला असतो. म्हणून नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारल्यासारखे करत दडे सोडवायचे, आणि तेही दुखू लागण्याआधी, दर अर्ध्या-एक मीटरला. एकदा दुखू लागले की जोर लावायचा नाही. थोडे वर यायचे, कान मोकळे करायचे, मग पुन्हा खाली जायचे. ही क्रिया आजपासून घरी आरशासमोर करून पाहा. कुणाचा एक कान नेहमीच उशिरा सुटतो, हे आधी कळलेले बरे.

सर्दी असताना डाइव्ह करू नये, हे सगळेच सांगतात. मी ते स्वतः मोडले होते. प्रशिक्षक होण्याआधीची गोष्ट आहे. सकाळी नाक चोंदलेले होते, बोट ठरलेली होती, पैसे परत मिळणार नाहीत असे बोटवाल्याने स्पष्ट सांगितले होते आणि आमची परतीची गाडी त्याच रात्रीची होती. मी नाक मोकळे करणारी गोळी घेतली आणि उतरलो. जाताना काही जाणवले नाही. पाण्याखाली गोळीचा परिणाम ओसरला आणि वर येताना हवा कानात आणि कपाळाच्या पोकळीत अडकली. मास्कमध्ये रक्त होते. पुढे सहा आठवडे मला पाण्यात उतरता आले नाही आणि डाव्या कानाला आजही लवकर दडे बसतात. त्या दिवशी चूक माझीच होती. पण आराखड्यात एक मोकळा दिवस असता, तर मी ती बहुधा केली नसती. आपण नाही म्हणू शकू, एवढी जागा वेळापत्रकात असली पाहिजे, हे मी त्या सहा आठवड्यांत शिकलो.

या सगळ्यातून नऊ दिवसांची जी मांडणी मला योग्य वाटते ती अशी. पहिल्या दिवशी कोल्हापूरहून बेंगळुरू किंवा हैदराबादपर्यंत जाऊन मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ पासून त्याचे अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे आणि हॅवलॉकचे २०१८ पासून स्वराज द्वीप, तेव्हा कागदपत्रांवर ही नावे दिसली तर गोंधळू नका. विमान वेळेवर उतरले तर दुपारची बोट मिळते, नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळची. खासगी बोटींना साधारण दीड ते दोन तास लागतात, सरकारी बोटीला थोडे जास्त. तिसऱ्या दिवशी फक्त किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात उतरून मास्क, वजने आणि कान यांची तपासणी करा. चौथ्या आणि पाचव्या दिवशी तुमच्या आणि मुलाच्या कोर्सच्या चार डाइव्ह होतील, आणि त्यातल्या एका सकाळी पत्नींची अनुभवाची डाइव्ह. सहावा दिवस मोकळा ठेवा. हवा बिघडली, बोट रद्द झाली, कुणाचे कान सुटले नाहीत, तर तो वापरा. सगळे सुरळीत झाले असेल, तर प्रमाणपत्र मिळाल्यावरची पहिली मोकळी डाइव्ह त्या सकाळी करा. सातव्या दिवशी पाण्याखाली जायचे नाही. सकाळी राधानगर किनारा पाहून दुपारी पोर्ट ब्लेअरला या. आठवा दिवस सेल्युलर जेलचा, नववा परतीचा. आपल्या राधानगरीच्या नावाशी इतके जुळणारे नाव त्या दूरच्या बेटावर ऐकले की मला दरवेळी बरे वाटते.

ही मांडणी एकाच अटीवर बसते: पुस्तकी भाग आणि तलावातले धडे कोल्हापुरातच पूर्ण झालेले असले पाहिजेत. पॅडी, एसएसआय यांसारख्या स्कुबाची प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांमध्ये यासाठी रीतसर सोय आहे. एका ठिकाणी वर्ग आणि तलाव पूर्ण करून त्याचा दाखला घ्यायचा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह दुसऱ्या केंद्रात करायच्या. तुम्ही हॅवलॉकला जे केंद्र निवडाल, ते असा दाखला स्वीकारते का, हे आधी विचारा. गावात तसा प्रशिक्षक मिळाला नाही, तर निदान पुस्तकी भाग ऑनलाइन संपवून जा. सुट्टीच्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बसून दाबाची गणिते सोडवणे मुलालाच काय, मोठ्यांनाही जड जाते.

महिन्याविषयी. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळे होण्याचा काळ असतो आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊसही असतो. तेव्हा डाइव्हिंग चालू असते, चांगले दिवसही मिळतात, पण बोटी रद्द होण्याचा धोका धरावा लागतो. नाताळात गर्दी एवढी असते की नवशिक्याला हवी असलेली निवांत सकाळ मिळणे कठीण जाते. मुलाची शाळा लक्षात घेता मला परीक्षा संपल्यानंतरचा, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत बरा वाटतो. उकाडा असतो, पण समुद्र बहुतेक वेळा शांत आणि पाणी नितळ असते. पाण्याचे तापमान २९-३० अंश असते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र जाऊ नका, कारण नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात आपल्या कितीतरी आधी, साधारण त्याच सुमारास दाखल होतो.

महिना ठरला की घरातली कालनिर्णय काढा आणि अष्टमी पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि पाण्याखालचे प्रवाह जोरदार असतात. अष्टमीच्या आसपास, मालवणकडचे मासेमार ज्याला भांग म्हणतात त्या काळात, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, प्रवाह सौम्य असतो आणि गाळही कमी उठतो. तुमचा चौथा आणि पाचवा दिवस अष्टमीच्या एक-दोन दिवस इकडेतिकडे येईल असे पाहा. हा सल्ला प्रवासी कंपन्या देत नाहीत, पण नवशिक्यासाठी त्याने जेवढा फरक पडतो तेवढा हॉटेलच्या दर्जाने पडत नाही. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल यांची नावे तुम्ही लिहिली आहेत. ती ठिकाणे सुंदर आहेत, परंतु खोल आहेत आणि तिथे प्रवाह असतात, तेव्हा या सहलीत त्यांचा विचार सोडून द्या. नेमो रीफ, लाइटहाऊस यांसारखी उथळ ठिकाणे तुमच्यासाठी योग्य आहेत. तिथले काही उथळ प्रवाळ २०१० आणि २०१६ च्या उष्णतेत पांढरे पडून गेले; चित्रांत दिसतात तसे रंग सगळीकडे दिसतील, अशी अपेक्षा ठेवू नका. माशांचे वैभव मात्र अजून आहे. प्रवाळाला हात लावू नका आणि त्याचा तुटलेला तुकडाही पिशवीत घालू नका; वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण दर हंगामानुसार आणि केंद्रानुसार बदलतात. पण पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत, हे सांगतो. हॉटेल साधे घ्या, मात्र डाइव्ह केंद्रापासून चालत जाता येईल असे. अंदमानात डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, उन्हाळ्यातही आपल्यापेक्षा बराच आधी, आणि बोटी सकाळी लवकर निघतात, त्यामुळे महागड्या खोलीत जागेपणी घालवायला वेळच उरत नाही. वाचलेले पैसे स्वतंत्र प्रशिक्षकावर आणि डायव्हिंगच्या विम्यावर खर्च करा. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कुबाचा समावेश बहुधा नसतो. शरीरात बुडबुडे झाल्यास दाब-कक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, करावे लागणारे उपचार आणि तिथपर्यंतची वाहतूक विम्यात धरलेली आहे का, हे वाचून पाहा. केंद्राला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा: बोटीवर ऑक्सिजन असतो का, एका प्रशिक्षकामागे किती माणसे असतात, आणि हवा खराब म्हणून किंवा कान सुटले नाहीत म्हणून डाइव्ह रद्द झाली तर पैशांचे काय. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ते ज्या सुरात देतात, त्यावरून मला केंद्राची पुरेशी ओळख पटते. साहित्य विकत घेऊ नका. घ्यायचाच असेल तर फक्त चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्या.

तुम्ही सरावासाठी आधी तारकर्लीला जाण्याचाही विचार लिहिला आहे. जरूर जा. पण तिथे खोल, एकाहून अधिक डाइव्ह केल्या, तर त्याच संध्याकाळी घाट चढून कोल्हापूर गाठू नका. विमानासाठी जी १२ आणि १८ तासांची शिफारस आहे, ती ६१० मीटरच्या वरच्या उंचीसाठी सांगितलेली आहे, आणि आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. किल्ल्याजवळच्या त्या काही मीटरच्या छोट्या बुडीने फारसे बिघडत नाही. कोर्समधल्या डाइव्हनंतर मात्र रात्री मालवणलाच राहा, भरपूर पाणी प्या, मद्य टाळा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघा. आपल्याकडची माणसे रविवारी समुद्रात उतरतात आणि सोमवारी सकाळी दुकान उघडायचे म्हणून रात्रीच घाट चढतात. विमानाचा नियम त्यांना पाठ असतो, पण घाट म्हणजेही उंचीच, हे लक्षात येत नाही.

आता आधी छातीच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि पत्नींचे नाव पोहण्याच्या वर्गात घाला. डॉक्टरांनी काय सांगितले आणि एप्रिलअखेरच्या कोणत्या तारखा तुम्हाला जमतात, ते इथेच लिहा; त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून चौथा आणि पाचवा दिवस नेमका कुठे बसवावा, ते मी सांगेन. तोपर्यंत विमानाची तिकिटे काढू नका.